शेवंतीचा सोमवार

नेमधर्मात मला कुणी मागे टाकून दाखवावं! बोलण्यात टाकाल, चालण्यात टाकाल, पुरणपोळीत तर आमची धाकटी जाऊ मला दर होळीला टाकते. पण नेमात नाही! गेली बावीस वर्षं पहाटे आंघोळ, तुळशीला पाणी, अकरा प्रदक्षिणा, शनिवारी अळणी, दोन्ही एकादश्या, आणि रोज गाईला घास. शिवाय चातुर्मासातल्या प्रत्येक सोमवारी मौन. आंघोळीपासून दिवेलागणीपर्यंत तोंडातून एक शब्द नाही. पाटीवर लिहून दाखवणंसुद्धा नाही. आमच्या सासूबाई म्हणायच्या, ते म्हणजे मागच्या दाराने बोलणंच झालं! बावीस वर्षांत या सगळ्यात एकदाही खंड पडलेला नाही.

आता खरं सांगायचं तर, माझ्या मौनाचा घरात कुणाला फारसा पत्ता लागत नाही. माझा आवाजच तसा आहे. दूधवाला तीनदा "काय म्हणालात?" विचारतो आणि शेवटी आपल्या मनानेच अर्धा लिटर घालून जातो. देवळात आरतीला मी टाळ घेते, निदान काहीतरी ऐकू जावं म्हणून. आमचे हे म्हणतात, तीस वर्षांच्या संसारात माझं निम्मं बोलणं त्यांनी ओठांवरून ओळखलं आणि उरलेलं सोडून दिलं.

हे म्हणजे सुरेंद्र. आटगावच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. गेल्या वर्षी रिटायर झाले आणि टोकावड्याच्या अलीकडच्या आमच्या घरी कायमचे राहायला आले. माणूस रिटायर होतो हो, पण त्याच्यातला स्टोअरकीपर होत नाही! पहिल्या महिन्यात माझ्या सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या लागल्या. "तूरडाळ. जुनी. आधी ही वापरणे." दुसऱ्या महिन्यात देवघरातल्या देवांना नंबर पडायचे, पण तेवढ्यात कल्याणच्या त्यांच्या एका मित्राने परदेशी जाताना आपली पाळलेली जोडी यांच्या स्वाधीन केली. मला वाटलं, पोपट असतील. यांनी पडवीत दोन उंच जाळीचे पिंजरे मांडले. मी वाकून पाहिलं. सरडे!

"सरडे म्हणू नकोस," हे छाती काढून म्हणाले. "कॅमेलिऑन! येमेन देशातले! कागदपत्रांसकट!"

"येमेनचे असोत की येऊरचे, सरडे ते सरडेच," मी म्हटलं. पण म्हटलं हळू, म्हणून ते हवेतच विरलं.

नराचं नाव मी खंडू ठेवलं आणि मादीचं शेवंती. खंडूच्या डोक्यावर पागोट्यासारखा उंच तुरा, शेवंतीचा जरा बेताचा. दोघांचेही डोळे स्वतंत्र बिऱ्हाडं केल्यासारखे! एक डोळा माझ्याकडे, त्याच वेळी दुसरा देवघराकडे. पाय उचलायचा, पुढे न्यायचा, परत मागे आणायचा, पुन्हा पुढे न्यायचा, सगळं अंग डुलवायचं आणि मग कुठे एक पाऊल टाकायचं. अगदी आमचे हे सकाळी अंथरुणातून उठून मोरीकडे निघतात तसे!

अडचण होती ती त्यांच्या खाण्याची. त्यांना लागायचे जिवंत रातकिडे. यांनी पडवीमागे एका पिंपात रातकिडे पाळले. माझ्या घरात, चातुर्मासात, जीवहत्या! मी दोन दिवस धुसफुसले, तेही कुणाला ऐकू गेलं नाही. शेवटी तोडगा निघाला तो असा, की यांनी पडदा लावून आत काय ते भरवायचं आणि मी त्या वेळात देवघरात जप करायचा.

पण एकदा गणपतीसाठी तोडलेल्या जास्वंदींची परडी मी पिंजऱ्याशेजारी ठेवली, आणि बघते तर शेवंतीने जाळीतून तोंड काढून एक फूल लांबवलेलं! तिने ते पाकळी पाकळी करून सावकाश खाल्लं. माझं मन एकदम विरघळलं. किडेमुंग्या खाते ती यांची शेवंती. फूल खाते ती माझी!

त्याच सुमारास शेजारच्या सकुबाईने तिची गाय सरळगावला लेकीकडे पाठवून दिली, आणि माझ्या घासाचा प्रश्न उभा राहिला. दोन दिवस मी घास घेऊन हमरस्त्यापर्यंत गेले. तिथल्या गाईंनी माझ्या पोळीचा वास घेतला आणि ढाब्यामागच्या उकिरड्याकडे निघून गेल्या. तिसऱ्या दिवशी मी विचार केला. घास कशासाठी? मुक्या जिवासाठी. मग मुका जीव तर घरातच आहे! लाथ मारत नाही, शेण टाकत नाही म्हटलं तरी चालेल, आणि गणपतीचं फूल प्रसाद म्हणून खातो.

त्या दिवसापासून रोज सकाळी हे आंघोळीला गेले की मी शेवंतीच्या पिंजऱ्याचं दार उघडायची, जास्वंद पुढे धरायची, डोळे मिटून मनात अकरा वेळा नाम घ्यायची. चौथ्या नामाला फुलाला हलकासा हिसका बसायचा, अकराव्याला हात रिकामा! हे सगळं चोरून. कारण यांनी पिंजऱ्यावर ठळक चिठ्ठी लावली होती. "दार फक्त सुरेंद्र उघडेल."

श्रावण लागता लागता यांनी खंडूला आणि शेवंतीला तासभर एकत्र ठेवलं. महिन्याभरात शेवंतीचं पोट मोदकासारखं फुगलं. रंगही बदलला. काळपट हिरव्या अंगावर निळे-पिवळे ठिपके, जशी काही पैठणी नेसून बसलीय. आमच्या यांच्या आनंदाला तर पारावार नाही! रोज तिला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजायचे. काजलच्या वेळी, म्हणजे आमच्या लेकीच्या वेळी, मला नवव्या महिन्यात या माणसाने "थोडी जाड झालीस का?" असं विचारलं होतं!

अंडी घालायला यांनी बादलीत ओली वाळू-माती भरून पिंजऱ्यात ठेवली. वर टॉवेलचा आडोसा केला. पण शेवंती बादलीत उतरेना. जाळीवर नुसती वर-खाली, वर-खाली. खाणं सोडलं, पाणी सोडलं. यांनी पुण्याच्या एका प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सरळच सांगितलं, "तिला मनासारखी जागा मिळायला हवी. सोमवारपर्यंत माती उकरून अंडी घातली नाहीत, तर अंडी आत अडतात. मग ती वाचणं कठीण."

झालं! यांनी बादलीसमोर स्टूल टाकलं. हातात बॅटरी. दर पाच मिनिटांनी टॉवेल वर करून "घातली का?"

"अहो, तिला जरा एकटं सोडा ना," मी म्हटलं. "कुठल्या बाईला असं बघत बसलेलं चालेल?"

"काय म्हणालीस?"

"एकटं सोडा."

"हो, हो, ओलं केलंय," हे म्हणाले आणि पुन्हा टॉवेल वर केला.

रविवारी संध्याकाळी यांनी ताट बाजूला सारलं. कधी नव्हे ते देवघरापाशी आले, चौकटीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "निर्मला, तुझ्या देवाला जरा सांग ना. माझं तो ऐकायचा नाही." या माणसाने बायपासच्या वेळीसुद्धा देवाला काही मागितलं नव्हतं! मी रात्री एकशे आठ वातींचा दिवा बोलले.

आणि सोमवार उजाडला.

सोमवार म्हणजे माझं मौन. आणि नेमका त्याच सोमवारी वनखात्याच्या वारघडे साहेबांचा फेरा ठरलेला! परदेशी प्राणी पाळायचा तर सरकारात नोंद लागते. यांनी अर्ज केला होता आणि साहेब जोडी प्रत्यक्ष बघायला येणार होते. त्यांना फाट्यावरून आणायला हे स्कूटर घेऊन निघाले. जाताना मला म्हणाले, "फक्त लक्ष ठेव. हात लावू नकोस."

मी मान हलवली.

स्कूटरचा आवाज विरला तशी मी जास्वंद तोडली. सोमवारी मला उपास असतो, पण घास चुकवून कसं चालेल? आणि आज तर शेवंतीचा जीव टांगणीला लागलेला! मी दार उघडलं, फूल पुढे धरलं, डोळे मिटले. चौथं नाम झालं. हिसका नाही. सातवं झालं. नाही. म्हटलं, अशक्त झालीय बिचारी, वेळ लागेल. अकरावर थांबायचं ते मी त्या दिवशी एकशे आठपर्यंत गेले! डोळे उघडले. फूल माझ्या हातात. पिंजरा रिकामा!

माझ्या पायाखालची फरशी सरकली. मी पिंजऱ्यामागे पाहिलं, पिंपामागे पाहिलं, चपलांत पाहिलं, करवंदीच्या कुंपणात हात घालून ओरबाडून घेतलं. देवघरातला एकेक देव उचलून पाहिला. शेवंती नाही! खंडू आपल्या पिंजऱ्यातून एका डोळ्याने मला बघत होता आणि दुसऱ्या डोळ्याने अंगणात कुठेतरी. त्या दुसऱ्या डोळ्याकडे मी लक्ष दिलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं!

तेवढ्यात सकुबाई आली. साठीची, दणकट, आवाज असा की आमच्या पडवीत बोलली तर पलीकडच्या आळीत उत्तर येतं.

"काय गो निर्मला, काय शोधतंस?"

मी ओठांवर बोट ठेवलं. सोमवार.

"हा हा, मौन हाय. पन झाला काय?"

आता सरडा कसा सांगायचा? मी दोन्ही हात डोक्यावर नेऊन तुरा करून दाखवला. सकुबाईने भुवया चढवल्या. मी एक डोळा वर आणि एक डोळा खाली फिरवायचा प्रयत्न केला. जमेना, म्हणून दोन्ही गरागरा फिरवले. सकुबाई एक पाऊल मागे सरली. मग मी शेवंतीसारखी चालून दाखवली. एक पाय उचलला, पुढे नेला, मागे आणला, अंग डुलवलं, पुन्हा पुढे नेला. जीभही लांब काढून दाखवली, किडा धरतात तशी.

चातुर्मासातला सोमवार. बावीस वर्षांची व्रती बाई. केस ओले. डोळे फिरतायत, जीभ बाहेर, अंग डुलतंय!

"आयो!" सकुबाईने किंकाळी फोडली. "आयो गो! निर्मलाच्या अंगात आली!"

मी दोन्ही हात हलवले. नाही, नाही! मान जोरजोरात हलवली. त्याने तर तिची खात्रीच पटली! तिने माझ्या देवघरातलं कुंकू आणून मूठभर माझ्या कपाळाला फासलं. माझाच नारळ माझ्याच उंबऱ्यावर फोडला. तिच्या हाकेने आळीतल्या चार बायका धावत आल्या आणि पदर पसरून रांगेत बसल्या.

"माय," सकुबाई माझ्या पायांवर डोकं ठेवून म्हणाली, "माझी गाय मी लेकीकडं पाठिवली. चुकला का काय माझा?"

मी पाय सोडवायला धडपडले.

"बघा, बघा, थरथरतेय! कोपलीय! चुकला गो माय, चुकला! काय करू सांग?"

मी कळवळून अंगणाकडे बोट केलं. म्हणजे, उठा, अंगणात शोधा! बोटाच्या टोकाला नेमकी तुळस होती.

"तुळशीला पानी? आता घालतें! विहिरीचा ताजा, भरल्या कळशीनं घालतें!" असं म्हणून सकुबाई कळशी आणायला पळाली.

तिच्या जाण्याने जागा झाली तेवढ्यात जिवली आली. जिवली वाडीवरची. आमच्याकडे रानभाज्या आणते, कधी भांड्यांना हात लावते. रानातलं पान हललं तरी कुणी हलवलं ते ती सांगेल. ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मी पुन्हा एकदा पाय उचलला, पुढे नेला, मागे आणला...

"अगो बायांनो," जिवली फस्सकन हसली, "देवी नाय, काय नाय! वैनी घोयऱ्याची चाल चालून दावतेय! वैनी, तुमचा घोयरा पलाला का?"

मी तिच्या गळ्यातच पडले. घोयरा म्हणजे आमच्या रानातला, रंग बदलणारा देशी सरडा. येमेनच्या सरड्यांचा चुलत-चुलत भाऊच म्हणा. जिवलीला सगळं समजलं!

"रडू नको. आमी हाव ना! वाडीवरच्या समद्यांना लावतें शोधाय. आत्ता आनतें!"

मला तिला सांगायचं होतं की शेवंती लांब जाणार नाही, इथेच बघ, अंगणातच. पण जिवली वाऱ्यासारखी गेलीसुद्धा. बायका नाराज होऊन पांगल्या. एकीने जाता जाता माझ्याकडे बघून नाकही मुरडलं, जणू मीच देवीचं सोंग आणून त्यांना फसवलं होतं!

साहेबांना यायला उशीर झाला, हे माझं नशीब असं तेव्हा वाटलं. दीड-दोन तासांनी जिवली घामाघूम होऊन परतली. डोक्यावर झाकलेली टोपली.

"घे वैनी! तुमचा कोनता त्यो वलखून घ्या!"

तिने टोपलीवरचं फडकं काढलं. आत दोन बागेतले साधे सरडे, एक चकचकीत सापसुरळी, आणि एक घोयरा. हिरवागार, फुगलेला, संतापलेला, रानातला अस्सल घोयरा!

मी हात जोडले, मान हलवली. हा नव्हे! हा नव्हे! जिवलीला वाटलं, मी आभार मानतेय.

"ह्योच ना? मीबी म्हनलं ह्योच आसंल!" तिने चपळाईने घोयऱ्याला शेवंतीच्या पिंजऱ्यात सोडलं आणि दार लावून घेतलं. शेजारच्या पिंजऱ्यातला खंडू त्याला बघून हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा तपकिरी आणि तपकिरीचा जवळजवळ काळा झाला.

आणि तेवढ्यात अंगणात स्कूटर थांबली.

वारघडे साहेब खाकी गणवेशातले, शांत, आमच्याच भागातल्या ठाकूरवाडीत वाढलेले. हे हसत हसत त्यांना पुढे घेऊन आले. "या साहेब. ही बघा आमची शेवंती. जरा नाजूक अवस्था आहे, म्हणून—"

साहेब पिंजऱ्यापाशी वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"सुरेंद्रराव, ही येमेनची?"

"अस्सल!"

"येमेनची असती तर हिच्या डोक्यावर तुरा दिसला असता. हा आपल्या माळशेजच्या अंगाचा घोयरा आहे." साहेबांची नजर जमिनीवरच्या टोपलीकडे गेली. "आणि ही टोपली कसली? रानातले सरडेही धरायला लागलात का? घोयरा पकडणं गुन्हा आहे, माहीत आहे ना तुम्हाला?"

हे पिंजऱ्याकडे बघत राहिले. खंडूने रंग बदलायला निदान पाच मिनिटं घेतली होती. आमचे हे एका श्वासात गोऱ्याचे राखाडी झाले!

"निर्मला," ते म्हणाले. साहेबांची, गुन्ह्याची त्यांना शुद्धच नव्हती. "निर्मला, शेवंती कुठाय?"

मी उभी. कपाळावर मूठभर कुंकू, हाताला ओरखडे, तोंडाला कुलूप.

"वहिनी, बोला," साहेब म्हणाले.

"त्यांचा सोमवार हाय साहेब," जिवली पुढे झाली. "त्या बोलत नाय. घोयरा मी आनलाय. त्यांचा पलाला म्हून मी शोधून आनला. धरायचा तं मला धरा."

"पळाला?" हे खालीच बसले, पडवीच्या पायरीवर. "आज सोमवार. डॉक्टर म्हणाले होते सोमवारपर्यंत. ती कुठेतरी पडली असेल, पोटात अंडी घेऊन..." टोपी काढून त्यांनी ती उगीचच गुडघ्यावर घडी घातली, पुन्हा उलगडली.

आता बोलावं की काय! पण बोलून तरी काय सांगणार? दार मी उघडलं, डोळे मी मिटले, आणि ती कुठे गेली ते मलाही ठाऊक नाही!

मी तुळशीकडे वळले. दुसरं कुणाकडे बघणार? माझी तुळस पडवीसमोरच, शेजारी जास्वंदीचं झाड. पडवीच्या खांबापासून जास्वंदीपर्यंत कपड्यांची दोरी. आणि जास्वंदीची एक फांदी थेट तुळशीवर वाकलेली. बावीस वर्षांत ही दोरी मी रोज पाहत होते, पण ती रस्ता आहे हे मला त्या क्षणी दिसलं! तुळशीच्या बुंध्याशी माती उकरलेली होती. ताजी, ओली. आणि त्या बिळातून एक डोळा माझ्याकडे, एक डोळा साहेबांकडे लावून शेवंती बघत होती!

त्याच क्षणी कुंपणाच्या फाटकातून सकुबाई आली, विहिरीवर भेटेल तिला देवीची हकिगत सांगण्यात दोन तास घालवून. कमरेला पदर खोचलेला, खांद्यावर भरलेली कळशी. ती तडक तुळशीपाशी गेली, "घे गो माय, पाव मला!" म्हणून तिने कळशी तिरकी केली. पाण्याची धार कळशीच्या काठावर आली—

"सकुबाईऽऽ! थांबाऽऽऽ!"

जास्वंदीतले कावळे उडाले. समोरच्या घरातलं कुत्रं शेपूट घालून घरात शिरलं. रस्त्याने जाणारी मुरबाडची एस.टी. गचकन थांबली आणि कंडक्टरने दार उघडून बाहेर पाहिलं, कुणी हात केला का म्हणून!

सकुबाई कळशीसकट पुतळा झाली. हे उठून इकडेतिकडे बघायला लागले.

"कोण? कोण ओरडलं?" त्यांनी माझ्या मागे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं, साहेबांकडेसुद्धा संशयाने पाहिलं. तीस वर्षांचा संसार हो! पण हा आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता.

मी बोट केलं. सगळे चवड्यांवर पुढे आले.

"शेवंती!" हे ओरडणार, तोच साहेबांनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"गप्प," ते कुजबुजले. "अंडी घालतेय ती. कुणी हलू नका. मागे व्हा सगळे. तिला कुणी बघत बसलेलं आवडत नाही."

हे मी दोन दिवस सांगत नव्हते का?

मग आमच्या अंगणात जे झालं ते गावाने याआधी कधी पाहिलं नसेल. सगळ्यांनी मौन धरलं! सकुबाई कळशी खाली ठेवून पदर तोंडात कोंबून बसली. हे खांबाआड. साहेबांनी मोबाइल बंद केला आणि ते टोपलीतले सरडे आणि पिंजऱ्यातला घोयरा घेऊन जिवलीबरोबर रानात गेले. ज्या झाडावरून जो आणला त्याच झाडावर त्यांनी तो सोडायला लावला, परत येऊन तिला खुणेनेच दम दिला, आणि तिनेही खुणेनेच कान पकडले. बावीस वर्षांत माझ्या व्रताला इतकी संगत पहिल्यांदाच लाभली!

तीन वाजून गेले तेव्हा शेवंती बाहेर आली. पोट आत गेलेलं, अंगाला माती. पण घाई नाही. मागच्या पायांनी तिने माती लोटून बीळ बुजवलं, वरून थोपटून सारखं केलं, शेजघर सारवावं तसं. मग तुळशीवर चढली, पानावरचे सकाळच्या पाण्याचे राहिलेले थेंब चाटून चाटून प्यायली, आणि डोळे मिटून घेतले. काळपट रंग उतरून हळूहळू पोपटी झाली.

यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसला. चष्मा तसा स्वच्छच होता.

"वाचली," साहेब मोठा श्वास सोडून म्हणाले. वाकून त्यांनी चिमूटभर माती बोटांत चोळली. "सुरेंद्रराव, तुमच्या बादलीत कशी घालेल ती? ही माती बघा. लोण्यासारखी झालीय. किती वर्षं पाणी घालताय वहिनी?"

मी दोन बोटं दाखवली, मग पुन्हा दोन.

"बावीस! रोज! अशी जागा साऱ्या मुरबाड तालुक्यात सापडायची नाही."

"देवीनंच तर दावली जागा!" सकुबाई पदर काढून गरजली. "मी म्हनतच हुते!"

मग यांनी चहाच्या चमच्याने, तुळशीच्या मुळाला धक्का न लावता, एकेक अंडं उचललं. जसं होतं तसंच, जराही न फिरवता, ओल्या भुशाच्या डब्यात ठेवलं. एकतीस! डब्यावर लगेच चिठ्ठी लागली. "शेवंती. नाजूक. उघडू नये." साहेबांनी कागदावर सही केली, चहा घेतला. सकुबाईने तिची कळशी जास्वंदीला घातली. मी सगळ्यांना नारळाचा प्रसाद वाटला, तो फोडलेला होताच. इतकं हलकं, इतकं मोकळं मला काजलच्या जन्मानंतरच वाटलं होतं!

यांनी शेवंतीला पिंजऱ्यात ठेवलं, दार लावलं, कडी घातली. कडीकडे बघत राहिले. वरची स्वतःची चिठ्ठी वाचली.

"सगळं ठीक झालं," हे सावकाश म्हणाले. "पण कडी तर मी घातली होती. मग हे दार उघडलं कुणी?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी, जिवलीने, सकुबाईने. खंडूने तर दोन्ही डोळ्यांनी!

मी पश्चिमेकडे पाहिलं. ऊन अजून जास्वंदीच्या शेंड्यावर होतं. दिवेलागणीला चांगला तास-दीड तास होता. दोन शब्द सांडले म्हणून काय सगळा सोमवार ओतून द्यायचा? मी शांतपणे ओठांवर बोट ठेवलं, हात जोडले आणि वाती वळायला बसले. एकशे आठ वळायच्या होत्या.

आज मंगळवार आहे, म्हणून तुम्हाला हे सांगितलं. हे मधूनमधून अजून विचारतात. मीही प्रामाणिकपणे उत्तर देते, "अहो, मीच उघडलं होतं." माझ्या नेहमीच्या आवाजात देते. हे "बरं, बरं" म्हणतात आणि डबा बघायला जातात.

आणि बावीस वर्षांत खंड पडलेला नाही, असं मी अजूनही सांगते. तेही त्याच आवाजात.